हात ठेवायची घाई नको

दुपारी अडीचच्या सुमाराला दाराची कडी वाजली, की आमच्या मंडळीतली बाई आधी भाताच्या पातेल्यात डोकावते आणि मग दार उघडते. कारण दारात शांतवनभाऊ असू शकतात. ते भुकेने आलेत की परीक्षा घ्यायला, हे त्यांच्या तोंडावरून कुणाच्या बापाला कळायचं नाही. बसतात, पाणी पितात, वाढलं तर जेवतात, "मीठ बरोबर आहे" एवढंच बोलतात आणि जातात. पायरी उतरल्यावर खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यावर पेन्सिलीने काहीतरी करतात. बरोबरची खूण की फुली, ते लांबून दिसत नाही. मी माझ्या खिडकीतून मान वाकडी करकरून बघितलंय, नाही दिसत.

मंडळी म्हणजे आमची रविवारी उपासनेला जमणारी ख्रिस्ती माणसं. मोहोपाड्यापासून कुंभिवलीपर्यंत विखुरलेली सगळी मिळून अकरा घरं. बहुतेकांचे वाडवडील नगरकडचे. रसायनीला कारखाने आले तेव्हा नोकरीमागे आले आणि इथलेच झाले. पाद्रीसाहेब खोपोलीहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आमचे आम्ही. मी करुणा, शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आले, आणि पेटी वाजवता येते हे चुकून बोलून बसले. तेव्हापासून सुटका नाही.

शांतवन पाटोळे यांची सगळी नोकरी एका केमिकलच्या कारखान्यात गेली, शिफ्ट इन्चार्ज म्हणून. बायको लवकर वारली, मुलाला एकट्याने वाढवलं, एवढंच मला ठाऊक होतं. तो मुलगा कुठे असतो, हे कुणी बोलत नसे, आणि मीही विचारलं नव्हतं. माणसाच्या जखमेवरची खपली मी काढत नाही. बाकी सगळं काढते.

भाऊंचं वेड एकच. ख्रिस्ती धर्म नवा नवा होता, देवळं नव्हती, कुणाच्या तरी माडीवर चार दिवे लावून माणसं जमायची, त्या काळात मंडळ्या कशा चालायच्या? कोण चालवायचं? देखरेख कुणाची? हा प्रश्न त्यांना जेवताना, चालताना, डास मारताना पडलेला असतो. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीची भांडणं ते अशी सांगतात, की आमच्या राहेलमावशीला बरीच वर्षं वाटत होतं, करिंथ हे कर्जतच्या पुढचं एखादं गाव असणार आणि तिथली माणसं जरा तापटच दिसतात. त्या काळी एक पोरगा माडीच्या खिडकीत बसून लांबलेलं प्रवचन ऐकता ऐकता पेंगला आणि खाली पडला, अशी एक गोष्ट आहे. तेव्हापासून, म्हणजे भाऊंनी ती वाचली तेव्हापासून, ते उपासनेआधी खिडक्या तपासतात. आमचा हॉल तळमजल्यावर आहे. खिडकीतून पडलं तर माणूस कर्दळीत पडेल.

"त्या काळी एकाच्या हातात सगळं नसायचं, बाई," ते म्हणायचे. "गावोगाव वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारी जाणती माणसं. एक नाही, दोन-तीन. आणि त्यांचं काम काय? जुन्या मराठी बायबलात त्याला अध्यक्ष म्हटलंय. पण अध्यक्ष म्हणजे खुर्ची नाही. अध्यक्ष म्हणजे राउंड."

राउंड हा कारखान्यातला शब्द. दर तासाला उठून प्लांटमध्ये फिरायचं, काटे बघायचे, वहीत आकडे लिहायचे. निवृत्त झाल्यावर भाऊंनी तोच राउंड मंडळीला लावला. दर शनिवारी अकरा घरं, जुन्या स्कूटरवरून. दारातूनच विचारणार, "काय म्हणतंय प्रेशर?" ते रक्तदाबाचं नाही, घरातल्या वातावरणाचं. वही मी एकदा बघितली आहे. "साठे: आवाज चढलेला, कारण कुकरची शिट्टी. राहेलमावशी: गुडघा, पण हसली. करुणाबाई: जेवलेली नाही, जेवले म्हणते." हे वाचून मला राग आला, आणि घरी येऊन मी मुकाट्याने जेवले.

दुपारच्या वेळी ते या गोष्टी सांगायला लागले, की एक गुंगी यायची. पाताळगंगेवरून ऊन हलत हलत यायचं, कारखान्याच्या भोंग्यानंतरची ती मऊ शांतता पसरायची, आणि भाऊ सांगत असायचे, की इफिस शहरातल्या मंडळीचे वडील समुद्राच्या काठावर प्रेषिताला निरोप द्यायला आले, त्याच्या गळ्यात पडून रडले, कारण आता हा परत दिसायचा नाही हे त्यांना समजलं होतं. अर्धवट मिटल्या डोळ्यांना मला तो किनारा आमच्याच नदीचा वाटायचा. पलीकडे प्रबळगड निळा, आणि अलीकडे लुंगीतली म्हातारी माणसं गुडघे टेकून बसलेली. सांगता सांगता भाऊ चष्मा काढून पुसायचे. पुसून झाला तरी पुसत राहायचे.

तर तो खिशातला कागद. मंडळीचा वडील कसा असावा, याची शास्त्रात यादी आहे. भाऊंनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती. सौम्य असावा. पाहुणचार करणारा असावा. मारका नसावा, दारूच्या नादी नसावा, नवशिका नसावा. एका बायकोचा नवरा असावा. बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असावं. आपलं घर त्याने नीट चालवलेलं असावं. आता ही यादी जगभरच्या मंडळ्या वाचतात, मान डोलावतात आणि बऱ्यापैकी माणूस बघून त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला नेमून मोकळ्या होतात. आमच्याकडे ते जमलं नाही. कारण भाऊ यादी वाचत नसत, चालवून बघत. मी म्हटलं, "माझी परीक्षा झाली का?" तर म्हणाले, "झाली. तुम्ही सगळ्यात बसता, बाई. फक्त एका बायकोचे नवरे नाही."

आणि कुणी फारच आग्रह केला, की एकच वाक्य, "हात ठेवायची घाई नको." हे वाक्य ऐकत ऐकत मंडळी वडिलांवाचून म्हातारी होत चालली होती.

यंदा पावसाळा संपता संपता वरच्या कचेरीतून पत्र आलं. कापणीच्या वेळच्या हंगामाच्या सणापर्यंत दोन वडील नेमा, नाहीतर तुमची मंडळी खोपोलीच्या मंडळीत विलीन होईल. पत्र मीच वाचून दाखवलं. राहेलमावशी ब्याऐंशीची आहे, काठी टेकत गल्ली ओलांडून हॉलपर्यंत येते, तेवढंच तिचं जग. ती म्हणाली, "खोपुलीला मला कोन नेनार गं? मंग माजा रविवार गेलाच म्हनायचा."

पहिलं नाव आलं प्रभाकर गायकवाडचं. कुंभिवलीला राहतो, छोटा टेंपो चालवतो, आवाज गोड. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या टेंपोसमोर, फाटकात आडवी, भाऊंची स्कूटर उभी. हँडल लॉक. भाऊ पलीकडच्या चिंचेमागे. प्रभाकरने दोनदा हॉर्न दिला, उतरला, स्कूटरभोवती फेरी मारली, घड्याळ बघितलं आणि शेवटी मागच्या चाकाला पाय लावला. झालं. मारका. शेजारचे बाळाराम म्हणून शेतकरी आहेत, ते चिंचेमागे भाऊंना बघून तिथेच येऊन उभे राहिले होते. ते मध्ये पडले, "लाथ नाय मारली हो, पाय टेकवला नुसता. मी सोता बगितलंय." भाऊ म्हणाले, "टेकवला, पण जोरात टेकवला." फुली.

दुसरं नाव सिमोन साठे. याची बाकी सगळी कलमं पार पडली, राहिलं बाहेरच्यांतलं नाव. म्हणून भाऊ पुन्हा बाळारामांकडेच गेले. बाळाराम म्हणाले, "मानूस झ्याक हाय. अडीनडीला धावतो. पन मॅचला अंपायर झाला का आपल्या मेव्हन्याला एल्बी देत नाय. ह्ये आख्ख्या गावाला ठावं हाय." फुली. जाताना बाळारामांनी विचारलं, "तुमच्यात येवढी मानसं हायत, त्यात दोन मुकादम मिळंनात तुमाला?" हा प्रश्न भाऊंनीच मला जसाच्या तसा सांगितला.

सण दोन रविवारांवर आला. बैठकीत माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "भाऊ, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आम्ही आहोत हे असे आहोत. देवदूत काही मोहोपाड्याला भाड्याने खोली घेऊन राहायचे नाहीत. तुम्हीच व्हा वडील. राउंड तर करताच." सगळ्यांनी हात वर केले. प्रभाकरने आणि सिमोननेसुद्धा. भाऊंनी कागद काढला. आमच्यासमोर एकेक ओळीवर पेन्सिल ठेवत गेले, खूण करत गेले. शेवटच्या ओळीशी पेन्सिल थांबली. घर नीट चालवणारा. भाऊंनी तिथे फुली मारली, कागदाची घडी केली आणि खिडक्या लावायला उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेले. भांडायलाच. ते गॅलरीत बसले होते. समोर कापणीला आलेला भात, त्यावर पिवळट धुरकट संध्याकाळ. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी वडील होतो, बाई. तुम्ही यायच्या तीन वर्षं आधी सोडलं. नऊ वर्षं झाली त्याला."

मग त्यांनी सांगितलं. कुणी चुकलं तर काय करायचं, याचा पहिल्या मंडळ्यांत क्रम होता. आधी एकट्याने जायचं, दोघांतच बोलायचं. नाही ऐकलं तर दोन साक्षीदार न्यायचे. तरीही नाही ऐकलं तरच मंडळीपुढे बोलायचं. भाऊंचा मुलगा उत्तम तेव्हा पंचविशीचा. एका शनिवारी मित्राच्या हळदीहून उशिरा आला, अंगाला दारूचा वास. भाऊ दार उघडून आत वळले, एक शब्द बोलले नाहीत. सकाळी उपासनेत उभे राहिले आणि मुलाचं नाव घेऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, की उत्तम शांतवन पाटोळे दारू पिऊन आला, मंडळीने त्याला दूर ठेवावं.

"तिसरी पायरी आधी," ते म्हणाले. "कारखान्यात वास आला की आधी भोंगा. मग कारण शोधायचं. हाताला तीच सवय. मला वाटलं, माझा मुलगा म्हणून लपवलं असं कुणी म्हणू नये. तो मधल्या वाटेने चालत बाहेर गेला. त्या दिवशी घरही सोडलं. पुढच्या रविवारी मी पद सोडलं."

"म्हणून सगळ्यांना फुल्या मारत बसलात?"

"राग आला की माणूस काय करतो, ते बघत होतो. परत कुणाच्या मुलाचं असं व्हायला नको."

मला भांडायचं होतं ते राहूनच गेलं. मी एवढंच विचारलं, की उत्तम आहे कुठे? तर शेलूला. नवीन इमारतींपैकी एकीत, तिसरा मजला. लग्न झालंय. हे सगळं ऐकीव. "इतकं जवळ," मी म्हटलं, "आणि पहिली पायरी अजून राहिलीच आहे की हो. जा ना एकदा."

भाऊंनी भाताकडे तोंड वळवलं. म्हणाले, "दार उघडलं नाही तर?"

शिफ्ट इन्चार्ज राहिलेला माणूस. टाकीवर चढून गळती बंद करणारा. मला खरंच रडू आलं, आणि मी ते रागावून लपवलं. म्हटलं, उद्या शाळेला सुट्टी टाकते, चला.

प्रभाकरने टेंपो काढला. कशाला, कुठे, काही विचारलं नाही. फक्त शेलू म्हटल्यावर एकदा आरशात भाऊंकडे बघितलं आणि गाडी हळू चालवायला लागला. चौक गावावरून कर्जत, मग नेरळ. माथेरानचा डोंगर सगळा वेळ डाव्या हाताला बरोबर चालत होता, आणि कापलेल्या भाताचा वास टेंपोत भरला होता. मला मध्येच वाटलं, हा रस्ता संपूच नये, भाऊंना पोचायला लागू नये.

शेलूला इमारतीखाली भाऊ म्हणाले, "तुम्ही थांबा. एकट्यानेच जायचं असतं." आम्ही थांबलो. अर्धवट बांधलेल्या इमारतींवर बांबू लागलेले, खाली शेतात बगळे, आणि वर तिसऱ्या मजल्यावर एक दार. ते उघडल्याचा आवाज आला की नाही, यावर माझा आणि प्रभाकरचा कुजबुजत वाद झाला.

पाऊण तासाने भाऊ खाली आले. टेंपोत बसले. चौक गाव आलं. मग म्हणाले, "तो प्यालेला नव्हता."

प्रभाकरने गाडी बाजूला घेतली.

"हळदीतल्या दुसऱ्या एका मित्राला चढली होती. त्याला खांद्यावर टाकून घरी पोचवलं आणि मग आला. मित्राचा वास. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणाला. मी विचारलंच नाही." ते थांबले. "मी चुकलो असं म्हटलं त्याला. तो म्हणाला, पप्पा, इथं म्हणून काय उपयोग? माझं नाव जिथं वाचलंत तिथं म्हणा."

हंगामाच्या सणाला आमचा हॉल बघण्यासारखा असतो. पुढे भाताच्या लोंब्या, काकड्या, दुधी, केळीचे घड, कुणी अंडी, कुणी घरचा गूळ. पाद्रीसाहेब त्या दिवशी खोपोलीला, कारण सण तिथेही असतो. बाळाराम दरवर्षी पहिल्या लोंब्या आणून देतात, ते दाराशी उभे होते. त्यांच्या मागे, निम्मा उन्हात, एक उंच माणूस बायकोला घेऊन उभा होता. आत येत नव्हता.

दुसऱ्या गीतानंतर भाऊ उठले. कागद नव्हता हातात. म्हणाले, "शांतवन पाटोळे याने आपल्या मुलाला न विचारता त्याचं नाव या जागेवर वाचलं. मुलगा निर्दोष होता. मी मंडळीची आणि त्याची क्षमा मागतो." आणि तिथेच उभे राहिले.

आता आमच्यात असं आहे, की माणसाने मंडळीपुढे चूक कबूल केली, की वडिलांनी उठून मंडळीच्या वतीने क्षमा जाहीर करायची. तोवर तो माणूस बसत नाही. भाऊ उभे. आम्ही एकमेकांकडे बघतोय. वडील आहेत कुठे? भाऊंनी एकाला पास केलं असेल तर ना. दोन-तीन मिनिटं गेली असतील. भाऊंच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा शाळेत पाटी विसरून आलेल्या पोरासारखा झाला. मला हसू येत होतं.

राहेलमावशीने काठी आपटली, प्रभाकर-सिमोनकडे रोखली आणि म्हणाली, "आरं शांतवन, तूच ठिव की हात ह्या दोगांवर."

"मी पद सोडलंय, मावशी."

"पद सोडलं आसंल. तुज्या डोक्यावर ठिवलेले हात कुनी काडून न्हेले न्हाईत. ठिव म्हंते ना."

भाऊंनी हॉलभर बघितलं. मग प्रभाकरला आणि सिमोनला पुढे बोलावलं. दोघं लोंब्यांजवळ गुडघे टेकून बसले. भाऊंनी एकेक हात एकेकाच्या डोक्यावर ठेवला. प्रार्थना पुरती दोन वाक्यांचीही नव्हती. दोघं उठले ते मंडळीचे वडील होऊन. उठल्या उठल्या पहिलं काम समोर उभं होतं, आणि शब्द दोघांनाही आठवेनात. शेवटी प्रभाकर म्हणाला, "मंडळीची क्षमा आहे, भाऊ. आमची आहेच. पण आधी त्याला विचारतो." आणि दाराकडे वळून म्हणाला, "उत्तम, आत ये रे."

उत्तम मधल्या वाटेने आला. बापासमोर उभा राहिला. माझ्या हाताखाली पेटीचा भाता उगाचच हलत होता.

"आईच्या स्मरणदिवसाला मी दरवर्षी कबरस्तानात येतो," उत्तम म्हणाला. "तुम्ही आत असता. तुम्ही निघेपर्यंत मी समोरच्या टपरीवर थांबतो."

"दरवर्षी?" भाऊंनी विचारलं.

"दरवर्षी. तुम्ही लवकर निघतच नाही."

भाऊंनी त्याचा दंड धरला. धरला तो सोडला नाही.

"यंदा टपरीवर थांबू नकोस," ते म्हणाले. "आत ये."